मुक्तद्वार वाचनालयाची तपासणी

हे त्या दिवशी वाचनालयातून लवकर परत आले. माझी पहिलीच भाकरी तव्यावर होती आणि दारात चपला वाजल्या. म्हटलं, आज पेपर आले न्हाईत की काय? चष्म्याचं घर हातात तसंच धरून कॉटवर बसले आणि समोरच्या भिंतीकडं बघायला लागले. भिंतीवर मन्मथचा फोटो आहे. आमचा एकुलता एक. फोटोशेजारी कॅलेंडर आहे. तेरा वर्षं झाली, हे त्या भिंतीकडं बघतात तेव्हा कॅलेंडरकडंच बघतात. इतकी सवय झालीय की मान बरोबर तेवढीच वळते. मी भाकरी उलटली. मग म्हणाले, "एका पोरीनं उठवलं मला." "कुठनं उठवलं?" "खुर्चीवरनं. आजोबा, ही सीट माझी हाय म्हणाली. वाईट न्हाई बोलली. रेणापूरची हाय म्हणं, हॉस्टेलला राहती. खुर्चीच्या पाठीवर रंगानं नंबर टाकलेत, तो दाखवला तिनं. मी उठलो." मला हसू आलं. चांगल्या बाईला येऊ नये असं हसू, पण आलं, आणि मी ते दाबलं पण नाही. वाचनालयाचं दार सगळ्यांना उघडं असतं, तसा कायदा आहे, असं ज्या माणसानं अख्खा जन्म लोकांना सांगितलं, त्याला त्याच्याच वाचनालयात एका शेंबड्या पोरीनं ऊठ म्हटलं, आणि हा माणूस उठला! तोवर भाकरी करपली. करपलेलीच वाढली मी, आणि त्यांनी ती मुकाट्यानं खाल्ली.

कायदा हा शब्द माझ्या घरात माझ्याबरोबरच नांदायला आला. आमचं लग्न झालं तेव्हा हैदराबाद राज्य होतं अजून. मुखेडहून नांदेडला सासरी आले, वाटलं नवरा आहे, काहीतरी गोड बोलेल. तर यांनी मला सांगितलं की आपल्या राज्यात ग्रंथालयांचा कायदा झाला. चेहरा असा, की घरात पाळणा हलला. सरदारमियाँ म्हणून यांचे दोस्त होते, नांदेडात पुस्तकं बांधायचं काम करायचे. त्यांनी त्या कायद्याची प्रत तांबड्या कापडात बांधून लग्नाचा आहेर म्हणून दिली होती. बाकीच्यांनी भांडी दिली. हे तेव्हा कोर्टात कारकून, मिसरूड नुकतं फुटलेलं, आणि मला सांगायचे: देश नवा आहे, आता निजाम नाही, ज्याला वाचता येतं त्याला पुस्तक मिळालंच पाहिजे, ती कुणाची मेहरबानी नाही. त्या कायद्यात ग्रंथालयासाठी कर बसवायची सोय होती. ह्याचं यांना फार कौतुक. "कर दिला की ते आपलं झालं, गुणा. मग मागायचं न्हाई कुणाला." मला काय कळत होतं! मी चौथीपर्यंत गेलेली. पण हे सांगताना यांचा आवाज आतनं यायचा, आणि तो मला आवडायचा. अंधारात तो आवाज ऐकत पडायला बरं वाटायचं. मग वर्षभरात राज्यच मोडलं. मराठवाडा मुंबई राज्याला जोडला, पुढं महाराष्ट्र झाला, आणि यांचा कायदा मागं राहून गेला. हे अर्ज करत बसले, कुणाकुणाला काय की. महाराष्ट्राचा ग्रंथालय कायदा आला तोवर आमची लातूरला बदली झालेली, मन्मथ अंगणात पळायला लागलेला. यांनी पेढे आणले. दुसऱ्या दिवशी कायदा वाचून झाला आणि उरलेले पेढे तसेच पडून राहिले. कर नव्हता त्यात. अनुदान होतं. "कर म्हंजे हक्क होता," म्हणाले, "अनुदान म्हंजे हात पसरणं. जो देतो तो तपासायला येणार, आणि तो तपासायला आला की लोक खोटं बोलणार." मी म्हटलं, बोलंनात का, पुस्तकं तर मिळतील. तेव्हा माझ्याकडं असं बघितलं की त्या विषयावर मी परत तोंड उघडलं नाही.

तरी वाचनालय काढलंच. गंजगोलाईच्या बाजारामागं आधी दोन खोल्या, मग हॉल, मग सरकारची मान्यता. हे कार्यवाह. दारावर पाटी यांच्याच अक्षरात: मुक्तद्वार वाचनालय, सर्वांसाठी विनामूल्य खुले. आता त्या मुक्तद्वाराचं ऐका. मी त्या दारातनं एकदा पण आत गेले नाही. कुणी अडवलं नव्हतं. पण पायावर पाय टाकून पेपर वाचत बसलेले सगळे पुरुष, त्यांच्यात मी जाऊन कुठं बसणार? आणि यांना कधी सुचलं पण नाही, की गुणा, तू येतीस का. दुपारी मी डाळीच्या पुडीचा कागद वाचायचे. बातमी अर्ध्यात तुटायची, बाकीची दुसऱ्या कुणाच्या घरी गेलेली. तपासणीचं मात्र सगळं मला पाठ होतं, कारण तपासणी घरी यायची, जेवायला बसायची, झोपायची. दरसाली जिल्ह्याचे साहेब येऊन पुस्तकं बघणार, वाचक बघणार, तेव्हा अनुदान. खेड्यातल्या वाचनालयात पुस्तकं असायची कुठं? मग रिवाजच पडून गेला होता. तपासणीच्या हंगामात जीपमधनं पुस्तकांची पोती फिरायची. ह्या गावची त्या गावी, जुन्या शिक्क्यावर कोरी चिठ्ठी डकवायची, वर नवा शिक्का मारायचा, साहेब गेले की पोतं पुढच्या गावाला. लग्नकार्यात शेजारची भांडी आणतात, तितकं साधं होतं ते सगळ्यांना. यांना मात्र ते पाप. आमच्या वाचनालयाचं एक पुस्तक कधी पोत्यात गेलं नाही. "कायदा असा वाकवायचा नसतो," म्हणायचे. लोक मागं हसायचे, आणि हसणाऱ्यांच्या बायका मला बाजारात भेटायच्या.

मन्मथला यांनीच ह्यात घातला. किल्लारीच्या बाजूला एका गावात वाचनालय उभं केलं आणि पोराला तिथं ग्रंथपाल म्हणून चिकटवला. गावाचं नाव मी घेत नाही. पोरगा बापाच्या शब्दाबाहेर नव्हता. एसटीनं जायचा यायचा, कमल आमची सून, उदगीरची, ती डबा बांधून द्यायची. पुनम तेव्हा चार वर्षांची. त्या साली तपासणीचा सांगावा आला तो विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशीचा. पुस्तकं कमी. मन्मथ ह्याच खोलीत बापापुढं उभा राहिला. म्हणाला, "अप्पा, दोन पोती द्या फक्त. तपासणी झाली की त्याच जीपनं परत टाकतो." हे म्हणाले, "न्हाई." "अप्पा, सगळेच देतेत." "देऊ देत. आपण न्हाई. हायेत तेवढी दाखव, पण नीट दाखव. एकेका पुस्तकाला विषयाची चिठ्ठी लाव, नंबरवार मांड. साहेबाला दिसलं पाहिजे की इथं काम होतंय." चिठ्ठ्या म्हटल्यावर खळ आली. मी कणकेची खळ शिजवली, किडा लागू नये म्हणून मोरचूद टाकलं, डब्यात भरली. डबा पोळत होता. त्यानं तो पंच्यात गुंडाळून पिशवीत ठेवला आणि म्हणाला, "आई, वास मस्त येतोय, भूक लागली." विसर्जनाला घरी येणार होता, पुनमला खांद्यावर घेऊन मिरवणूक दाखवणार होता. संध्याकाळच्या गाडीनं त्या गावचा एकजण निरोप घेऊन आला, चिठ्ठ्या संपल्या न्हाईत, मन्मथ तिथंच मुक्काम करायलाय. हे म्हणाले, "बरोबर हाय." जेवता जेवता परत म्हणाले, बरोबर हाय. पुनम रडून रडून झोपली.

पहाटे काय झालं ते सगळ्या जगाला माहीत आहे. आमच्याकडं मांडणीवरची भांडी पडली, भिंतीला चीर गेली, एवढंच. गल्ली रस्त्यावर आली होती, बायका देवाचा धावा करत होत्या, आणि हे माझ्याशेजारी उभे राहून म्हणाले, "आज तपासणी होईल का न्हाई काय की." मी ऐकलं. कमलनं पण ऐकलं, पण ती म्हणते मला आठवत नाही. पोचलो तेव्हा तिथं गाव नव्हतं. दगड होते, चिखल होता, वरनं पाऊस पडून राहिला होता, आणि लोक हातानं उकरत होते. मन्मथ दिवस कलताना सापडला. वाचनालयाचं लोखंडी कपाट आडवं पडलं होतं, त्याच्यातली पुस्तकं धड होती, चिठ्ठ्या लावलेली, नंबरवार. माझं पोर धड नव्हतं. मी त्याचा हात हातात घेतला, तर बोटांवर खळ वाळून पापडी धरलेली. ती मी नखानं काढत बसले. कुणी म्हणालं, काकू, सोडा आता. मी म्हटलं, थांबा की जरा, हात तर साफ करू द्या त्याचा. आणि हे कुठं होते? हे कपाटापाशी. पुस्तकं भिजायलीत म्हणून कुणाचं तरी पटकूर त्याच्यावर ओढत होते. पोराला माती देऊन आलो, आणि आठवडा गेला नसेल तर हे सरकारला पत्र लिहायला बसले. भूकंपात इमारत पडल्यास ग्रंथालयाची मान्यता राहते की जाते, याचा कायद्यात उल्लेख नाही, तरी खुलासा व्हावा. मी पाणी द्यायला गेले तेव्हा वाचलं ते. तेरा वर्षं मी ह्यातलं काही बोलून दाखवलं नाही. लोकांना वाटतं, गुणाबाई सोशिक. कसली सोशिक! बोलले असते तर भांडण झालं असतं, रडारड झाली असती, आणि सगळं निवलं असतं. मला ते निवू द्यायचं नव्हतं. मला त्यांच्या तोंडून एकदा ऐकायचं होतं, की मी पाठवलं त्याला, मी दिली न्हाईत पोती. रोज सकाळी चहा ठेवताना वाटायचं, आज बोलतील. चहा पिऊन हे वाचनालयात जायचे.

आणि लातूर असं फोफावलं म्हणता! गावाबाहेर पत्र्याच्या शेडात भूकंपातनं उठून आलेली माणसं, आणि गावात गल्लीगल्लीत क्लास. मुखेड, नायगाव, कुठनं कुठनं आईबाप पोरांना आणून सोडायला लागले, डॉक्टर करून द्या म्हणून. ज्याच्या घरात खोली त्यानं ती भाड्यानं दिली, ज्याच्याकडं जिना त्यानं जिन्याखालची जागा दिली. वाचनालयाच्या निवडणुकीत यांना पाडलं. वैजनाथ कार्यवाह झाला, ज्याला यांनीच बोट धरून आत आणलं होतं. त्यानं हॉल एका क्लासवाल्याला देऊन टाकला. प्लायवूडचे कप्पे, कप्प्याला एकेक ट्यूबलाइट, खुर्च्यांना नंबर. पेपर जिन्याखाली गेले, संडासाच्या दाराशी. यांनी खिडकीजवळची एक खुर्ची तेवढी धरून ठेवली होती. जुनं माणूस म्हणून कुणी काही म्हणत नव्हतं, ती रेणापूरची पोरगी येईपर्यंत. पाटी मात्र होती तशीच. पाटी काढली तर मान्यता जाईल, मान्यता गेली तर अनुदान जाईल. आणि अनुदानातनं कमलचा पगार होतो. मन्मथ गेल्यावर वाचनालयानं तिला ठेवून घेतलं. ती शिकली, ग्रंथालयाची परीक्षा दिली, आता ग्रंथपाल आहे. यांच्या पेन्शनीत आम्हा दोघांची औषधं होतात, घर चालतं ते कमलवर. पुनम बारावीला आहे, मेडिकलच्या मागं लागलीय, त्याच हॉलमध्ये एका कप्प्यात दिवसभर मान घालून बसलेली असते. आजोबाला उठवलं तेव्हा ती तिथंच होती. तिनं बघितलं आणि परत पुस्तकात मान घातली. हे तिनंच मला सांगितलं, आणि विचारलं, "आजी, मी उठायला पाहिजे होतं का गं?" मी म्हटलं, अभ्यास कर.

त्यानंतर चार दिवस हे घरातच. पाचव्या का सहाव्या दिवशी वैजनाथ आला. यांच्या पाया पडला, माझ्या पडला, आणि म्हणाला, "काका, सोमवारी तपासणी हाय. पोरांना सकाळची सुट्टी देतो. तुम्ही या, आपल्या खुर्चीवर बसा, पेपर वाचा. तुम्ही बसलाव की हॉलला कळा येती." मग माझ्याकडं वळून, "काकू, तुम्ही पण या की. बायका लई कमी पडायल्यात." बघा. सगळा जन्म गेला आणि मला मुक्तद्वाराचं आवतण आलं ते असं. यांनी विचारलं, "वर्षभर लोकांना दार बंद, आणि एक दिवस मी येऊन बसू?" "काका, सगळेच करतेत." हे शब्द मन्मथचे, मी हातातली बशी खाली ठेवली. यांना काही झालं नाही. म्हणाले, "येतो मी. पण साहेबांनी विचारलं तर खरं ते सांगीन. हॉल भाड्यानं गेलाय, लोकांना आत घेत न्हाईत. मान्यता काढून घ्या म्हणीन." वैजनाथनं स्वयंपाकघराच्या दारात उभ्या असलेल्या कमलकडं बघितलं, आणि चहा न पिता गेला.

कमल यांच्या पायाशी बसली. "मामा, एवढं एक करू नका. हे वर्ष जाऊ द्या. पुनमची परीक्षा होऊ द्या, मग काय करायचं ते करा." हे म्हणाले, "कमल, तू ग्रंथपाल हायस. तुला मी कायदा सांगू का?" तिनं डोकं यांच्या पायावर ठेवलं, यांनी पाय मागं घेतले. माझी सून रडकी नाही. भूकंपानंतर मी तिला रडताना दोनदा पाहिली असेल. ती डोळे पुसून माझ्याकडं आली आणि म्हणाली, "आत्या, तुम्ही सांगा. तुमचं ऐकतेत." माझं ऐकतेत! मला त्या पोरीची दया आली आणि रागही आला. तरी संध्याकाळी हे अंगणात खुर्ची टाकून बसले होते तिथं गेले. ज्वारी निवडत निवडत म्हटलं, "वाका की एकदा. काय मोडतंय तुमचं?" यांचा गुडघा तेवढा हलत होता. "कमलनं जायचं कुठं? धुणीभांडी करायची का ह्या वयात? पोरीचं शिक्षण बंद करायचं?" मग माझ्या तोंडातनं गेलं, "दोन पोती मागत न्हाई ती तुमच्याकडं. एक 'हो' मागायली." तेरा वर्षांत एवढ्या जवळ मी कधी गेले नव्हते. यांचा गुडघा हलत होता तो थांबला. मी सुपातले खडे बघत राहिले. वाटलं, आता बोलतील. यांनी खाकरून घसा साफ केला, उठले आणि आत गेले. आणि खरं सांगू? मी अंगणात बसून मनात म्हणत होते, ऐकू नका माझं. तुम्ही होता तसेच राहा. कमलचं काय व्हायचं ते होईल, पण माझं ऐकू नका. असं का वाटत होतं, ते मला कळेना. सूप घेऊन मी तशीच बसून राहिले.

सोमवारी मी घडीचं लुगडं काढलं. वाचनालयाच्या पायऱ्या मी पदर सावरत चढले, नव्या नवरीसारखं म्हणायचं तर म्हणा. आत प्लायवूडचे कप्पे भिंतीला टेकवून वर चादरी टाकल्या होत्या. खुर्च्यांच्या पाठींना पांढऱ्या कापडी गवसण्या, नंबर दिसू नयेत म्हणून. टेबलांवर पेपर पसरलेले. मठात बसणारे म्हातारे आणून बसवले होते, त्यातल्या संगप्पानं पेपर उलटा धरलेला. कुणीतरी तो सुलटा करून दिला. आम्ही बायका एका कोपऱ्यात. मला एक मासिक दिलं हातात, गुळगुळीत कागदाचं, अख्खं. मी पान उलटलं, पुढचं पान होतं. परत उलटलं, त्याच्या पुढचं पण होतं. मला कसंतरीच झालं. हे खिडकीजवळ आपल्या खुर्चीवर बसले होते, इस्त्रीचा सदरा, कपाळाला विभूती. चांगले दिसत होते मेले, म्हातारपणी पण. साहेब आले. चाळिशी ओलांडलेले, गोड बोलणारे, घाम पुसत पुसत सगळ्यांना नमस्कार करणारे. कमलनं कपाटं उघडून दाखवली. त्यांनी लांबनंच मान हलवली. मग फिरत फिरत यांच्यापुढं येऊन थांबले. "काय आजोबा, रोज येता का वाचायला?"

कमल कपाटापाशी किल्ल्यांचा जुडगा मुठीत आवळून उभी होती. वैजनाथच्या तोंडावरचं हसू तसंच चिकटून राहिलेलं. यांनी चष्मा काढला, परत घातला. मी मनात म्हटलं, सांगा. सांगून टाका. हे म्हणाले, "येतो की. रोज येतो. दार सगळ्यांना उघडं असतं इथं." आवाज कापला नाही. नांदेडला मला कायदा सांगायचे तोच आवाज, आतनं आलेला. साहेब छान छान म्हणाले आणि पुढं निघाले. कमलनं सोडलेला श्वास मला ऐकू आला. झालं होतं. मी मागितलं तेच झालं होतं. इतकं सोपं होतं? तोंड उघडायचं आणि मिटायचं, एवढंच होतं? सुनेसाठी जमलं, नातीच्या परीक्षेसाठी जमलं, आणि माझं पोरगं ह्याच माणसापुढं उभं राहून अप्पा, अप्पा करत होतं तेव्हा जमलं नाही? न वाकणारा नवरा मी तेरा वर्षं कसाबसा गिळला होता. पोर गेलं ते निदान एका न मोडणाऱ्या माणसापायी गेलं, एवढी एक समजूत मी कुठंतरी जपून ठेवली होती, आणि ती माझी मलाच आत्ता कळली. ती पण काढून घेतली यांनी. मी उठले. मासिक खाली पडलं. यांच्या खुर्चीपाशी गेले, पाठीवरची गवसणी ओढून काढली आणि म्हटलं, "साहेब, हे खोटं बोलायलेत. ही खुर्ची भाड्यानं गेलीय. नंबर बघा हा. वर्षभर हितं कुणाला येऊ देत न्हाईत. ह्यांना पण उठवलं परवा." आणि मग यांच्याकडं न बघता म्हटलं, "कायदा असा वाकवायचा नसतो."

कमलच्या हातातल्या किल्ल्या पडल्या. वैजनाथ पुढं आला, "साहेब, काकूंचं मनावर घेऊ नका, त्यांचा मुलगा..." साहेबांनी हात वर करून त्याला थांबवलं आणि माझ्याकडं बघून हसले. चांगलं, घरच्या माणसासारखं हसले. "बसा आजी, बसा. दमलात. अहो, आम्हाला काय दिसत न्हाई का? सगळीकडं हेच हाय. मी पहिल्यापासून हेच बघायलोय. एकच पोतं मी चार-चार गावांत बघितलंय, वरचं पुस्तक सुद्धा तेच. कधी मोजलं न्हाई. कुणाचं अनुदान तोडून आम्हाला काय मिळायचं? गरिबाचं पोट चालतंय त्याच्यावर." मग त्यांना काहीतरी आठवलं. "भूकंपाच्या साली मी नवीनच लागलेलो. किल्लारीच्या पट्ट्यातली तपासणी माझ्याकडंच होती, नेमकी त्याच दिवशी. आता विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी खेड्यात कोण जातंय? मी आदल्या दिवशी हापिसात बसूनच सगळे अहवाल लिहून टाकले, सगळ्यांना चांगले शेरे दिले. संध्याकाळी घरी येऊन निवांत झोपलो. देवाची कृपा बघा आजी, गेलो असतो तर आज तुमच्यापुढं नसतो." आणि त्यांनी छातीला हात लावून वर बघितलं. वैजनाथ म्हणाला, साहेब, जेवण तयार हाय. ते सगळे खाली गेले.

मठातले म्हातारे उठून गेले, बायका गेल्या. कमलनं किल्ल्या उचलल्या आणि माझ्या अंगावरनं निघून गेली, माझ्याकडं न बघता. हे खुर्चीवर तसेच. ओठ हलत होते. "अहवाल लिहिला होता?" म्हणाले. "आधीच लिहिला होता?" कुणाला विचारत होते काय की. मग हात वर करून आपलीच बोटं बघायला लागले, उलटी, सुलटी. मग म्हणाले, "गुणा, मी त्याला..." मी ऐकत उभी होते. तेरा वर्षं ज्याची वाट बघितली ते यांच्या ओठांवर येऊन अडकलं होतं, नुसतं हं म्हटलं असतं तरी बाहेर आलं असतं. मला दया यायला पाहिजे होती. तिची पण वाट बघितली मी. आली नाही. पोरं दप्तरं घेऊन परत यायला लागली, कप्पे ओढून जागेवर लावायला लागली, चादरी काढून फेकायला लागली. एक वेणीवाली पोरगी आमच्यापाशी येऊन थांबली. खुर्चीवरचा नंबर बघितला, यांच्याकडं बघितलं, आणि ओशाळून म्हणाली, "बसू द्या आजी त्यांना. मी थांबते जरा." रेणापूरचीच असणार. चांगल्या घरची दिसत होती. मी म्हटलं, "न्हाई बाई, तुझी परीक्षा हाय, तू कशाला थांबतीस?" मग यांच्याकडं वळले. "उठा," मी म्हटलं. "सीट तिची हाय." यांनी आधारासाठी हात पुढं केला. मी गवसणीची घडी घालत होते. टेबलाला धरून, सावकाश, हे उठले.